किल्ली कोणाकडे? विकेंद्रित विनिमय प्रणाली आणि तिची वॉलेट

गेली दोन-तीन वर्षे पालक-सभा संपली की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरूला नोकरीला आहे, पगारातून दर महिन्याला मोबाईलवर ‘क्रिप्टो’ घेतो. हा काय प्रकार आहे, आणि पैसा बुडणार तर नाही ना? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा असतो. ते थेट विचारतात, “सर, कंपनीशिवाय परस्पर घेता येते म्हणतात, ते कसे?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे किल्ली कोणाकडे आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय क्रमवार मांडत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा पाठ खरेदीचा सल्ला नाही. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांनी यात खरा पैसा मुळीच लावू नये. सरावासाठी विनामूल्य मिळणारी चाचणी-नाणी आहेत, त्यांची माहिती पुढे दिली आहे.

१. हुंडी, पेठ आणि परपेठ

आपल्या मालव्याला दूरच्या पैशाचा व्यवहार नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात मालव्यातील अफूच्या व्यापाराचा पैसा उज्जैन, इंदूर आणि मुंबई यांच्यामध्ये हुंड्यांवर फिरत असे. येथील सावकार कागदावर चार ओळी लिही आणि मुंबईचा आडत्या त्या कागदावर रोख रक्कम देई. नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागत नसत.

हुंडी वाटेत गहाळ झाली तर काय करायचे, याचाही विचार त्या लोकांनी केला होता. मूळ हुंडी हरवली तर सावकार दुसरी प्रत देई, तिला ‘पेठ’ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी, ती ‘परपेठ’. ही सोय होती, कारण मध्ये सावकार होता. तो आपल्याला ओळखत होता आणि त्याच्या वहीत आपली नोंद होती.

बिटकॉइनमध्ये हा सावकार काढून टाकला आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी त्याचे टिपण प्रसिद्ध झाले आणि ३ जानेवारी २००९ रोजी पहिला हिशेब-ठोकळा तयार झाला. येथे वही एकाच पेढीवर नसते. जगभरातील हजारो संगणकांवर तिची तीच प्रत असते आणि साधारण दर दहा मिनिटांनी तीत नवे पान जोडले जाते. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्यांतील एका भागास ‘सातोशी’ म्हणतात. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीही होणार नाहीत, असा नियम त्या प्रणालीतच लिहिलेला आहे.

या वहीत माणसाचे नाव नसते, फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावरील रक्कम हलवण्याचा अधिकार एका गुप्त संख्येला असतो. त्या संख्येला आपण किल्ली म्हणू आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या साधनाला वॉलेट. नीट लक्षात घ्या, वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाणी वहीत असतात, वॉलेटमध्ये फक्त किल्ली असते. किल्ली हरवली तर पेठ देणारा सावकार येथे कोणी नाही. पेठ आपण स्वतः आणि आधीच करून ठेवायची असते.

२. किल्ली दुसऱ्याकडे असते तेव्हा

बहुतेक लोक मोबाईलवर एखाद्या कंपनीत खाते उघडतात, बँकेतून पैसे भरतात आणि खरेदी करतात. हा केंद्रित बाजार होय. तेथे किल्ली कंपनीकडे असते. आपल्याला पडद्यावर दिसतो तो कंपनीच्या वहीतील एक आकडा.

याचा अर्थ काय होतो ते मुंबईच्या वझीरएक्स या कंपनीच्या उदाहरणाने कळते. १८ जुलै २०२४ रोजी तिच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास रक्कम चोरीला गेली. ते वॉलेट एका किल्लीचे नव्हते. सहा किल्ल्या होत्या, पाच कंपनीकडे आणि एक बाहेरच्या सुरक्षा-संस्थेकडे. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत फरक होता, असे कंपनीने सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे जाहीर केले. ग्राहकांची खाती मात्र चोरीच्या दिवसापासूनच गोठली. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि बाजार पुन्हा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, पंधरा महिन्यांनी. एवढा काळ लाखो लोकांना स्वतःच्या आभासी नाण्यांना हात लावता आला नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत दरमहा दहा टक्के परतावा अठरा महिने मिळेल, असे सांगून लोकांकडून बिटकॉइन गोळा करण्यात आले. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. पुढे मार्च २०२२ मध्ये जे झाले ते आपल्या पाठाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तपासात तांत्रिक मदत करण्यासाठी बोलावलेल्या दोन तज्ज्ञांनाच पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटपर्यंत पोहोचल्यावर त्यातील काही नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली, असा त्यांच्यावर आरोप आहे. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती पैसा. मग तो मालक असो, चोर असो की चोर पकडायला आलेला माणूस असो.

३. विकेंद्रित प्रणाली कशी चालते

विकेंद्रित विनिमय प्रणालीत कंपनीचे खाते नसते. आपल्या संगणकावर एक प्रोग्राम बसवायचा, तो इतरांच्या तशाच प्रोग्रामशी थेट बोलतो. उदाहरणासाठी आम्ही ‘बिस्क’ हा प्रोग्राम घेतला आहे, कारण त्याचा स्रोत खुला आहे, तो विनामूल्य आहे आणि त्याची रचना शिकवण्यास सोपी आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्यात नावनोंदणी नाही. सर्व संभाषण ‘टॉर’ नावाच्या जाळ्यातून जाते, त्यामुळे कोण कोणत्या संगणकावरून बोलतो आहे हे इतरांना दिसत नाही.

आता शंका अशी, की मध्ये कोणी नसताना अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर आहे तारण आणि जोड-कुलूप.

समजा ‘क’ नानाखेड्यात बसून ०.०१ बिटकॉइन घेऊ इच्छितो आणि ‘ख’ नाशिकला बसून तेवढेच विकू इच्छितो. दोघांचे तारण १५ टक्के ठरले, असे धरू.

‘ख’ ठेवतो : ०.०१ + ०.००१५
‘क’ ठेवतो : ०.००१५
जोड-कुलपात एकूण : ०.०१३

हे कुलूप दोन किल्ल्यांचे आहे. एक ‘क’कडे, दुसरी ‘ख’कडे आणि दोन्ही लागल्याशिवाय ते उघडत नाही. आता ‘क’ बँकेमार्फत ‘ख’ला रुपये पाठवतो आणि प्रोग्राममध्ये ‘पाठवले’ अशी नोंद करतो. ‘ख’ आपले बँक-खाते पाहतो, रक्कम आल्याची खात्री करतो आणि ‘मिळाले’ अशी नोंद करतो. मग कुलूप उघडते. ‘क’ला ०.०११५ मिळतात, ‘ख’ला त्याचे ०.००१५ परत मिळतात. बेरीज करून पाहा, ०.०१३ बरोबर येतात.

कोणी लबाडी केली तर त्याचे स्वतःचे तारण अडकते, म्हणून दोघांनाही व्यवहार पुरा करण्यातच लाभ असतो. मतभेद झालाच तर मध्यस्थाला बोलावता येते. तो पुरावे पाहून वाटणी सुचवतो. परंतु किल्ली त्याच्याकडे नसते, त्यामुळे पैसा घेऊन तो पळू शकत नाही.

यात एक अडचण आहे. तारण बिटकॉइनमध्येच ठेवावे लागते, म्हणजे पहिल्यांदा घेणाऱ्याजवळही थोडे बिटकॉइन आधी हवेत. ही अडचण दूर करण्यासाठी २०२४ मध्ये त्याच लोकांनी ‘बिस्क ईझी’ काढले. त्यात तारण नाही, विक्रेत्याची आजवरची पत पाहून व्यवहार होतो. सोय वाढली, पण जोड-कुलपाचे संरक्षण गेले, हे ध्यानात ठेवावे.

४. उभारणी, पायरी पायरीने

पायरी १. संगणक स्वच्छ हवा. ज्या संगणकावर फुकट मिळालेले चोरीचे गेम आणि सिनेमे भरले आहेत, त्यावर हे काम करू नये. सायबर कॅफे किंवा मित्राचा लॅपटॉप तर नाहीच नाही.

पायरी २. प्रोग्राम मूळ स्थानावरूनच उतरवावा. शोध-यंत्रावर सर्वांत वर दिसणारी जाहिरात अनेकदा बनावट असते. उतरवलेल्या फाईलसोबत निर्मात्यांची संगणकीय सही मिळते, ती जुळते का ते तपासावे. हे काम किचकट वाटते म्हणून लोक टाळतात. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम नावाच्या प्रसिद्ध वॉलेटच्या वापरकर्त्यांना ‘नवी आवृत्ती घ्या’ असा खोटा संदेश दिसला. ज्यांनी सही न तपासता ती घेतली, त्यांची वॉलेट रिकामी झाली.

पायरी ३. पहिल्यांदा चालू केल्यावर प्रोग्राम टॉरशी जोडला जाईपर्यंत आणि जुन्या नोंदी उतरेपर्यंत वेळ लागतो. घाई करू नये.

पायरी ४. सर्वप्रथम वॉलेटला पासवर्ड लावावा. तो बँकेचा किंवा ईमेलचा नसावा. घरच्यांच्या जन्मतारखाही नकोत.

पायरी ५. आता बारा शब्द. प्रोग्राम बारा इंग्रजी शब्द दाखवतो. हीच आपली पेठ. ते कागदावर, त्याच क्रमाने, स्वच्छ अक्षरात लिहावेत. बिस्कमध्ये सोबत वॉलेटची तारीख दिसते, तीही लिहावी. दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवाव्यात. मोबाईलने फोटो काढू नये, कारण तो फोटो आपोआप कोठल्या तरी दूरच्या संगणकावर जमा होतो. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवू नये. जो कोणी हे शब्द मागतो तो चोरच, मग तो स्वतःला मदत-केंद्र म्हणवो की पोलीस.

पायरी ६. रुपयांच्या देवाणघेवाणीसाठी आपल्या बँक-खात्याचा तपशील प्रोग्राममध्ये भरावा. खाते स्वतःच्या नावाचे असावे. वडिलांचे किंवा मित्राचे चालत नाही.

पायरी ७. प्रोग्रामच्या माहितीची प्रत वेगळ्या पेन-ड्राइव्हवर घ्यावी. बारा शब्दांनी नाणी परत मिळतात, परंतु चालू व्यवहार, जुने करार आणि खात्यांचा तपशील मिळत नाही. त्यासाठी ही प्रत लागते.

पायरी ८. अत्यल्प रकमेने आरंभ करावा. पत्ता हाताने लिहू नये, कॉपी करावा आणि पाठवण्यापूर्वी पहिली व शेवटची काही अक्षरे पडताळावीत. चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत येत नाही.

पायरी ९. व्यवहार पुरा झाला की नाणी वेगळ्या वॉलेटमध्ये हलवावीत. बाजाराला जाताना आपण खिशात लागेल तेवढेच घेतो, बाकी कपाटात ठेवतो. विनिमय-प्रोग्रामचे वॉलेट म्हणजे खिसा, ते सतत इंटरनेटला जोडलेले असते. कपाटासाठी ट्रेझरसारखी छोटी यंत्रे मिळतात, ज्यांतून किल्ली कधी बाहेर येत नाही. प्रत्येक वॉलेटचे शब्द वेगळे असतात. कोणते शब्द कोणत्या वॉलेटचे, हेही कागदावर लिहावे, कारण एका वॉलेटचे शब्द दुसऱ्यात चालतीलच असे नाही.

पायरी १०. प्रोग्राम अद्ययावत ठेवावा. एप्रिल २०२० मध्ये बिस्कमध्येच एक दोष निघाला आणि सात जणांचे ३ बिटकॉइन व ४,००० मोनेरो एका चोराने लांबवले. दोष कळताच व्यवहार थांबवून नवी आवृत्ती देण्यात आली. ‘विकेंद्रित’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे.

५. बारा शब्दांचे गणित (इयत्ता नववी आणि पुढे)

फक्त बारा शब्द? कोणी अंदाजाने ओळखले तर? हिशेब करू या.

शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. २०४८ म्हणजे २ चा ११ वा घात. बारा शब्दांचे मिळून १२ × ११ = १३२, म्हणजे २ चा १३२ वा घात इतक्या रचना झाल्या. बिस्कमध्ये त्यांपैकी ४ द्विमान अंक केवळ लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी असतात. उरले १२८. २ चा १२८ वा घात म्हणजे सुमारे ३४ वर ३७ शून्ये.

बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. पहिल्या घरात एक दाणा, पुढे दरवेळी दुप्पट. पट भरताना सगळ्या राज्याचे धान्य अपुरे पडते. त्या सगळ्या दाण्यांची संख्या २ च्या ६४ व्या घाताहून एकने कमी असते. आता त्या प्रत्येक दाण्यासाठी पुन्हा तेवढाच एक पट भरावा, तेव्हा आपली संख्या येते. म्हणून शब्द ओळखून चोरी होत नाही. चोरी होते ती कागद पाहून, फोटो मिळवून किंवा गोड बोलून.

या यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे इतर कोणत्याही शब्दाशी जुळत नाहीत. अक्षर थोडे पुसले तरी शब्द ओळखता यावा, हा हेतू.

६. कायदा, कर आणि बँक

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला. आभासी नाणी आपल्याकडे कायदेशीर चलन नाहीत, परंतु त्यांच्यावर कर आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढील व्यवहारात १ टक्का रक्कम उगमावरच कापावी लागते. कंपनी मध्ये नसेल तर ती कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. कंपनी नाही म्हणून कर नाही, हा गैरसमज आहे. प्रत्येक व्यवहाराची तारीख, भाव आणि बँकेची नोंद वहीत ठेवावी व सनदी लेखापालाला दाखवावी.

याहून मोठा धोका बँक-खात्याचा आहे. समोरच्याने पाठवलेले रुपये एखाद्या फसवणुकीतले असतील, तर त्या गुन्ह्याचा माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि खाते गोठते. मग पगार अडतो, घराचा हप्ता थकतो. ज्या नावाने करार झाला त्याच नावाच्या खात्यातून रक्कम आली आहे का, हे म्हणूनच पाहायचे. तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून आली असेल तर ‘मिळाले’ न म्हणता लगेच मध्यस्थाला कळवावे. कोणाची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

७. घरात सांगून ठेवा

शेवटचा मुद्दा पालकांसाठी आणि नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी. डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडातील क्वाड्रिगा या बाजाराचा तरुण मालक आपल्या शेजारच्या राजस्थानात, जयपूरला वारला. किल्ल्या त्याच्या एकट्याकडे होत्या, असे कंपनीने सांगितले. हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे चौकशीत, त्यांतले बरेच पैसे त्याने आधीच उधळले होते, असे निष्पन्न झाले. जिवंतपणी कोणाला पत्ता नव्हता, कारण दुसरी किल्ली कोणाकडेच नव्हती.

आपल्या घरांतही हे लहान प्रमाणात होऊ शकते. बँकेत नामनिर्देशन असते, विमा-कंपनी कागदपत्रे मागते आणि पैसे देते. येथे असे कोणी नाही. मुलाने दहा वर्षे साठवलेले, आणि आई-वडिलांना तो कागद कोठे आहे हेच ठाऊक नाही, तर ती रक्कम वहीत सर्वांना दिसत राहील पण कोणालाही काढता येणार नाही. म्हणून आमची विनंती आहे, की ज्याने असे काही घेतले असेल त्याने घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला निदान तीन गोष्टी सांगाव्यात. असे काही आहे, कागद कोठे आहे आणि तो वाचायला कोणाची मदत घ्यावी. शब्द सांगण्याची गरज नाही, जागा सांगावी. जुन्या सावकारांच्या घरी किल्ल्यांचा जुडगा कोठे असतो हे थोरल्या सुनेला ठाऊक असे, त्यामागे हाच विचार होता.

स्वाध्याय

(अ) थोडक्यात उत्तरे द्या.
१. वॉलेटमध्ये नाणी असतात, हे विधान चूक का आहे?
२. पेठ आणि बारा शब्द यांतील एक साम्य व एक भेद सांगा.
३. जोड-कुलपाच्या व्यवहारात मध्यस्थ पैसा घेऊन का पळू शकत नाही?

(ब) गणित सोडवा.
व्यवहार ०.०४ बिटकॉइनचा आणि दोघांचे तारण १५ टक्के असेल, तर कुलपात एकूण किती रक्कम राहील? व्यवहारानंतर घेणाऱ्याला किती मिळेल?

(क) प्रात्यक्षिक (शिक्षकांच्या उपस्थितीत).
इलेक्ट्रम वॉलेट चाचणी-जाळ्याच्या पर्यायाने चालू करा. नवे वॉलेट करून त्याचे बारा शब्द कागदावर लिहा. चाचणी-नाणी फुकट मिळतात आणि त्यांना बाजारात काही किंमत नाही, त्यांतली थोडी मागवा. आता वॉलेटची फाईल पुसून टाका आणि केवळ कागदावरून वॉलेट परत आणा. ज्याचे परत आले त्याला हा पाठ समजला. ज्याचे आले नाही त्याचेही काही नुकसान झालेले नाही, त्याने कागदावरील अक्षर आणि शब्दांचा क्रम पुन्हा तपासावा.

प्रात्यक्षिक शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक-कक्षात होईल. पालकांनी, विशेषतः आजी-आजोबांनीही अवश्य यावे. कागद आणि पेन्सिल सोबत आणावी, मोबाईल दप्तरातच ठेवावा.